रद्दीत चाललेला वेताळ

गिरगाव, परळ, लालबागच्या चाळी पुनर्विकासासाठी रिकाम्या होत आहेत. खोली सोडताना माळा झाडला जातो आणि सुतळीने बांधलेले इंद्रजाल कॉमिक्सचे गठ्ठे किलोच्या भावाने रद्दीवाल्याच्या तराजूत पडतात. मराठी वाचकाने ज्या वेताळाला, म्हणजे मूळच्या फँटमला, जीव लावला, त्याच्या इतिहासाचा पुरावाच त्यासोबत नष्ट होतो आहे. हे आजच थांबवले पाहिजे.

बोरीबंदरच्या टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केले. १९९० मध्ये ते बंद पडेपर्यंत आठशेहून अधिक अंक निघाले. ली फॉक यांनी १९३६ मध्ये घडवलेला, बापाकडून मुलाकडे वारसा चालवणारा वेताळ मराठीत आला तो याच अंकांतून. पण येताना तो बदलला. मूळ कथांतला वेताळाचा देश इथे डेंकाली झाला, सिंग चाचे सिंगा झाले आणि विसाव्या वेताळाचा खुनी रामा हा रामालू झाला. कथाही मूळ क्रमाने आल्या नाहीत. पानात बसवण्यासाठी चित्रचौकटी छाटल्या गेल्या. आपल्या वाचकाचा वेताळ-इतिहास त्यामुळे अमेरिकेतल्या वाचकाच्या इतिहासाहून वेगळा आहे.

या इतिहासातली मोठी घटना कोणती, हे कोणी आणि कशावरून ठरवायचे? मुखपृष्ठावरच्या ठळक अक्षरांवरून तर नक्कीच नाही. १९९२ मध्ये सुपरमॅनला मारल्याचा जगभर गाजावाजा झाला आणि पुढच्याच वर्षी तो परत आला. आमच्या मते कसोटी एकच: पुढच्या कथांना जी पुसता येत नाही, ती घटना मोठी. १९७७ मध्ये वेताळ आणि त्याची प्रेयसी डायना यांचे लग्न झाले, १९७९ मध्ये जुळी मुले झाली. त्यानंतर प्रत्येक वेताळ घेतो त्या कवटीवरच्या शपथेला बाविसावा वारस मिळाला आणि एकट्या भटक्या नायकाची कथा संसारी माणसाची झाली. आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये इंद्रजालसाठी निर्मिलेल्या बहादूरचेही तसेच. डाकू बापाच्या मृत्यूचा सूड घ्यायला निघालेला मुलगा अखेर गावाच्या रक्षणासाठी नागरिक सुरक्षा दल उभारतो. त्या एका निर्णयावर त्याच्या पुढच्या साऱ्या कथा उभ्या आहेत.

ही कसोटी लावायची तर मागचे-पुढचे अंक शेजारी ठेवून वाचावे लागतात. अंकच उरले नाहीत, तर उद्याचा अभ्यासक अमेरिकी यादी उतरवून घेईल. त्या यादीत रामालू नसेल, डेंकाली नसेल आणि बहादूर तर मुळीच नसेल. दोन पिढ्यांचे वाचन मग कुठेच नोंदलेले राहणार नाही.

छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना द्यावी, असा १९५४ चा कायदा आहे. मुंबईचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय त्यांपैकी एक. आपल्याकडे इंद्रजालचे कोणते मराठी अंक आहेत आणि कोणते नाहीत, हे त्याने जाहीर करावे. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने उरलेल्या अंकांसाठी वाचकांना हाक द्यावी. टाइम्स समूहाने भाषावार, क्रमवार सूची प्रसिद्ध करावी. आणि चाळ सोडणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला आमचे कळकळीचे सांगणे आहे: माळ्यावरचा गठ्ठा रद्दीत घालण्याआधी जवळच्या ग्रंथालयात दाखवा. इमारती नव्याने बांधता येतील, हे अंक पुन्हा कोणी छापणार नाही.