चेहऱ्यावरील व्रण आणि भरपाईचे गणित

कामावर असताना कामगाराची तर्जनी तुटली, तर तिचे मोल आपल्या कायद्याने ठरवून ठेवले आहे: कमावण्याच्या क्षमतेचा चौदा टक्के ऱ्हास. अंगठा गेला तर तीस टक्के. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत राहिला तर चाळीस टक्के. परंतु उकळत्या रसाने वा वाफेने गाल, मान आणि छाती भाजली, जखमा भरून आल्या, हातपाय पूर्ववत चालू लागले आणि कातडीवर जन्मभराचा व्रण तेवढा उरला, तर त्या व्रणाची टक्केवारी किती? कायद्याच्या परिशिष्टात याचे एकच उत्तर सापडते. चेहऱ्याला ‘अत्यंत गंभीर’ विद्रूपता आली असेल तर शंभर टक्के. त्याहून कमी विद्रूपतेविषयी परिशिष्ट मौन पाळते. शंभर आणि शून्य यांच्या दरम्यान एकही पायरी नाही.

हा प्रश्न मराठवाड्याला परका नाही. लातूरच्या डाळ आणि तेल गिरण्या, नांदेड परिसरातील जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, दोन्ही जिल्ह्यांतील साखर कारखाने आणि गुऱ्हाळे यांत फिरता पट्टा, वाफ, काहील आणि आग यांच्याशी माणसाची रोजची गाठ असते. शिवाय पुण्या-मुंबईकडे कामाला गेलेला तरुण भाजला, की विश्रांतीसाठी तो गावाकडेच परततो. अशा कामगाराला तो राहतो त्या ठिकाणीही दावा दाखल करण्याची मुभा १९९५ च्या दुरुस्तीने मिळाली. त्यामुळे दुर्घटना भोसरीत घडली तरी तिचा न्याय लातुरात मागता येऊ लागला. मात्र मागायचे ते काय, याचे उत्तर सोपे नाही.

१९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. कायद्याचे नाव बदलले. दुखापतींची यादी आणि हिशेबाची रीत बहुतांशी तीच राहिली. पंचवीस वर्षांच्या आणि दरमहा १२,००० रुपये मिळवणाऱ्या कामगाराचे उदाहरण घेऊ. संपूर्ण कायम अपंगत्व आल्यास वेतनाचे साठ टक्के, म्हणजे ७,२०० रुपये, धरायचे आणि त्याला वयानुसार ठरलेल्या २१६.९१ या गुणकाने गुणायचे. रक्कम होते १५,६१,७५२ रुपये. तर्जनी गेली तर तिचे चौदा टक्के, म्हणजे सुमारे २,१८,६४५ रुपये. भाजलेली कातडी आखडून कोपर वळेनासे झाले तर डॉक्टर काही टक्के लिहून देतात आणि त्या प्रमाणात भरपाई मिळते. कोपर मात्र नीट वळत असेल आणि केवळ गालावर व्रण असेल, तर प्रमाणपत्रावर शून्य उमटण्याचीच शक्यता अधिक. मग औषधोपचाराचा खर्च आणि कामावर जाता न आलेल्या दिवसांची ठरावीक रक्कम एवढ्यावर प्रकरण मिटते.

या पद्धतीमागे एक तत्त्व आहे आणि ते तुच्छ लेखण्याजोगे नाही. मालकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे कायद्याने कामगाराच्या डोक्यावरून उतरवले; त्याच्या बदल्यात भरपाई मर्यादित आणि मोजता येण्याजोगी ठेवली. वेदना, लज्जा, मनस्ताप यांचे मोल करीत बसलो तर प्रत्येक प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळेल, अशी भीती त्यामागे होती. म्हणून ‘कमावण्याची क्षमता’ हा एकच मापदंड स्वीकारला गेला. आक्षेप या मापदंडाला नाही. तो ज्या संकुचित अर्थाने वापरला जातो त्याला आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने कमावण्याची क्षमता म्हणजे स्नायूंचे बळ नव्हे. श्रमाच्या बाजारात आपले श्रम विकण्याची शक्ती म्हणजे ती क्षमता. विकत घेणारा पाठ फिरवणार असेल, तर अंगी बळ असूनही क्षमता घटलेलीच असते. कापड दुकानातील विक्रेता, उपाहारगृहातील वाढपी, रुग्णालयातील परिचारिका यांना काम देताना चेहरा पाहिला जातो, हे कोणी उघड बोलत नसले तरी सर्वांना ठाऊक आहे.

हा विचार नवाही नाही. १९१२ साली बॉल विरुद्ध विल्यम हंट या प्रकरणात इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे असाच प्रश्न आला होता. कामगाराचा एक डोळा आधीपासूनच अधू होता, पण तो कोणाच्या लक्षात येत नसे. अपघातानंतर तो डोळा काढावा लागला. काम करण्याची त्याची शारीरिक शक्ती पूर्वीइतकीच होती. पण व्यंग दिसू लागल्यामुळे त्याला काम मिळेना. हीसुद्धा कामाची अक्षमताच होय, असा निर्णय त्या न्यायालयाने दिला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७५ साली प्रताप नारायण सिंग देव प्रकरणात डावा हात गमावलेल्या सुताराचे नुकसान शंभर टक्के मानले. सुताराला एका हाताने सुतारकाम करता येत नाही, हे त्यामागचे साधे तर्कशास्त्र. टक्केवारी अवयवाकडे पाहून नव्हे, तर माणसाच्या धंद्याकडे पाहून ठरवायची, हा त्याचा अर्थ. विक्रेत्याच्या चेहऱ्याला तोच न्याय का लागू नये?

आपल्याच इतर कायद्यांशी तुलना केली म्हणजे ही विसंगती अधिक बोचते. हाच कामगार नांदेड-लातूर रस्त्यावर मोटारीखाली सापडला असता, तर अपघात न्यायाधिकरणाला वेदनांची आणि विवाहाची शक्यता घटल्याचीही भरपाई देता आली असती. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात हे घटक स्पष्टपणे नमूद आहेत. ॲसिड हल्ल्यातील पीडितांना किमान तीन लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्यांना दिव्यांगांमध्ये स्थान दिले. ते योग्यच झाले. परंतु त्या व्याख्येला हल्ला आवश्यक आहे. तेच ॲसिड कारखान्यातील पिंपातून उडाले तर व्रण तोच, वेदना तीच, आरसाही तोच. दिव्यांगत्वाचा हा दरवाजा मात्र बंद.

व्रण मोजणार कसा, ही अडचण खरी आहे. पण ती असाध्य नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात चेहरा, मान, हात इत्यादी ठरावीक भागांवरील कायम विद्रूपतेसाठी कमाल १६२ आठवड्यांच्या हिशेबाने स्वतंत्र भरपाई देता येते, आणि व्रणाचे अंतिम रूप स्पष्ट व्हावे म्हणून अपघातानंतर सहा महिने थांबून तपासणी होते. न्यूयॉर्कमध्ये चेहरा, डोके आणि मान यांवरील गंभीर विद्रूपतेसाठी वीस हजार डॉलरपर्यंतची तरतूद आहे. या रकमा उदार आहेत असे नव्हे. मुद्दा इतकाच, की कमाल मर्यादा घालून दिली म्हणजे मालकाचे दायित्व बेसुमार वाढत नाही आणि कामगाराचा व्रणही हिशेबाबाहेर राहत नाही.

आपल्याकडेही परिशिष्टात ‘अत्यंत गंभीर’ या शब्दांच्या खाली दोन-तीन पायऱ्या घालता येतील. व्रणाची जागा, त्याचा विस्तार आणि कामगाराचा धंदा यांची नोंद वैद्यकीय प्रमाणपत्रात सक्तीची करता येईल. जखम पुरती भरण्यापूर्वीच टक्केवारी लिहून मोकळे होण्याची प्रथा थांबवता येईल. यासाठी फार मोठा निधी लागत नाही. भरपाईचा बोजा मालकावर आणि विम्यावर पडतो, आणि तो पडला म्हणजे वाफेच्या नळीला आवरण घालणे व पट्ट्याभोवती जाळी बसवणे स्वस्त वाटू लागते. जी इजा फुकट असते ती टाळण्याची घाई कोणालाच नसते.

तोवर काही काम आपल्याही हाती आहे. खेड्यातला कामगार अर्ज लिहून घेण्यासाठी येतो तो शिक्षकाकडे, नाहीतर कार्यालयातील ओळखीच्या कारकुनाकडे. तो अर्ज लिहिताना ‘उजवा हात भाजला’ एवढ्यावर न थांबता व्रण कोठे आहे, पूर्वी काम कोणते होते, अपघातानंतर कोणी काम नाकारले आणि वेतन किती घटले, हे तारखांसह लिहावे, छायाचित्रे जोडावीत. १९७५ चा निकाल आयुक्तांसमोर ठेवण्यासाठी मोठा वकीलच हवा असे नाही. परिशिष्टात पायऱ्या येतील तेव्हा येतील. परंतु व्रणाने नेमके काय हिरावून नेले हे कागदावर आलेच नाही, तर प्रमाणपत्रावरील शून्याला आव्हान देण्याची संधीच उरत नाही.