दगडी कासव आणि जिवंत कासव

देवळाच्या सभामंडपांत, गाभाऱ्यासमोर, फरशीमध्यें बसविलेलें दगडाचें कासव महाराष्ट्रांतील प्रत्येक वाचकाच्या परिचयाचें आहे. त्यास दाणापाणी लागत नाहीं, ऊन लागत नाहीं, जागाहि स्वतःच्या आकाराएवढीच पुरते; आणि शेंकडों वर्षें भाविकांचे पाय लागले तरी तें कधीं तक्रार करीत नाहीं. अशा कासवाच्या दर्शनांत पिढ्यान् पिढ्या वाढलेल्या समाजानें जिवंत कासवहि त्याच मापानें मोजावें, यांत आश्चर्य नसलें तरी खेद करण्यासारखें पुष्कळच आहे. आज शहरांतील सुशिक्षित घरांतून दिवाणखान्याच्या शोभेसाठीं, मुलांच्या हट्टासाठीं, किंवा लक्ष्मी घरीं नांदावी या आशेनें जीं कासवें आणलीं जातात, त्यांच्या वांट्यास येणारें घर पाहिलें म्हणजे आणणारास दगडी कासवच हवें होतें, जिवंत कासव नजरचुकीनें आलें असावें, असें म्हणावेंसें वाटतें.

"कासवाला काय लागतें?" हें वाक्य विकणारा विकतांना म्हणतो आणि घेणारा घेतांना मनाशीं म्हणतो. या तीन शब्दांविरुद्धच आमचा हा लेख आहे. घरांत पाळावयाच्या प्राण्यांत कासवाइतका अवघड प्राणी क्वचितच सांपडेल. त्याचें घर त्याच्या शरीराच्या गरजेप्रमाणें बांधलें पाहिजे. आणि ज्यास तसें घर बांधावयाचें नसेल त्यानें कासव आणूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम कोणत्या कासवाविषयीं आपण बोलत आहों हें सांगितलें पाहिजे. आपल्या देशांतील नद्यांतळ्यांतून व माळरानांवरून आढळणाऱ्या बहुतेक कासवांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलें तारा कासव शुभ म्हणून घरांत बाळगणें हा उघड गुन्हा आहे. २०१९ सालीं सायटिस या आंतरराष्ट्रीय करारानेंहि त्या जातीस पहिल्या परिशिष्टांत घातलें. तेव्हां त्यांच्यासाठीं घर कसें बांधावें हा प्रश्नच उरत नाहीं. त्यांचें घर निसर्गानें बांधून ठेविलें आहे. बाजारांत जुन्या बंद्या रुपयाएवढें जें हिरवें पिलूं उघडपणें मिळतें, तें बहुधा डोळ्यामागें तांबडा पट्टा असलेलें परदेशी कासव असतें. त्यास इंग्रजींत रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात. त्याचें मूळ घर उत्तर अमेरिकेंतील मिसिसिपी नदीचें खोरें. हें पिलूं नीट वाढलें तर मादीचें कवच दहा इंचांच्या आणि कधीं त्याच्याहि पुढें जातें. नर कांहींसा लहान राहतो. आणि दोघेहि वीस ते तीस वर्षें किंवा अधिकहि जगूं शकतात. म्हणजे पहिलींतल्या मुलाच्या हट्टासाठीं आणलेलें कासव त्या मुलाचें लग्न पाहूं शकतें. असें किती घरांत घडतें, हा प्रश्न वाचकांनीं स्वतःसच विचारावा.

घडत नाहीं, याचें कारण आपण त्यास जें घर देतों त्यांत दडलें आहे. हातभर रुंदीचें प्लास्टिकचें भांडें, त्यांत दोन बोटें पाणी, मधोमध एक प्लास्टिकचें माडाचें झाड, आणि खावयास वाळविलेल्या कोळंबीची डबी: हा आपला कूर्मावताराचा सत्कार! या भांड्यांत पिलूं लगेच मरत नाहीं, आणि तेथेंच आपल्या सर्व भ्रमाचें मूळ आहे. मासा बिघडलेल्या पाण्यांत एका रात्रींत पालथा पडतो व मालकास त्याची चूक दुसऱ्या दिवशीं सकाळीं कळते. कासवाचें तसें नाहीं. त्याच्या शरीराचा व्यवहार मंद; उपासमार, थंडी व घाण तें महिनेच्या महिने सोसतें. कवच मऊ पडण्यास आणि पाय वांकडे होण्यास कित्येक महिने लागतात, कधीं वर्षहि लागतें. मग एके दिवशीं तें खावयाचें सोडतें, पापण्या सुजून मिटतात, आणि तें मरतें. इतक्या अवकाशानें आलेलें मरण आणि त्याचें कारण यांची सांगड घालण्याची तसदी कोणी घेत नाहीं. "त्याचें आयुष्यच तेवढें," असें म्हणून भांडें धुतलें जातें आणि पुढल्या वाढदिवसास दुसरें पिलूं येतें. ज्या गुणास आपण चिवटपणा म्हणून वाखाणतों, तो केवळ मरणास लागणारा विलंब आहे.

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत स्थितप्रज्ञास कासवाची उपमा दिली आहे. ती उपमा इंद्रियनिग्रहाची आहे, आणि तिच्या जागीं ती सुंदरच आहे. पण दिवाणखान्यांतील कासव हातपाय आंत ओढून निश्चल बसलें म्हणजे तें समाधानांत आहे असा अर्थ तींतून काढणें हा गीतेवरहि अन्याय आणि कासवावरहि. तें भयानें आंत शिरलेलें असतें, किंवा थंडीनें गारठलेलें असतें. आपल्या संतांनीं आणखी एक मनोहर कल्पना रूढ केली आहे, ती कासवीच्या दृष्टीची. कासवी पिलांस दूध पाजीत नाहीं, दुरून नुसती प्रेमानें पाहते आणि त्या दृष्टीनेंच तीं पोसलीं जातात, ही कल्पना ईश्वरी कृपेचें वर्णन म्हणून कोणास गोड वाटणार नाहीं? वस्तुस्थिति मात्र अशी आहे कीं कासवी अंडीं पुरून निघून जाते आणि पिलांस आईचें दर्शनहि घडत नाहीं. जें आईच्या दृष्टीनें पोसलें जात नाहीं, तें सोफ्यावर बसून वर्तमानपत्र वाचतांना मधून मधून टाकलेल्या आपल्या दृष्टीनें पोसलें जाईल, अशी आशा कोणीं धरूं नये.

मग त्यास लागतें तरी काय? पाणी, कोरडी जागा, ऊन आणि स्वच्छता, या चार गोष्टी. ऐकावयास साध्या, पण प्रत्येकीचा हिशेब निराळा आहे.

पाण्याचा साधारण ठोकताळा असा कीं कवचाच्या दर इंचास सुमारें ४० लिटर पाणी असावें. म्हणजे चार इंचांच्या कासवास १६० लिटर आणि दहा इंचांच्या मादीस ४०० लिटर. एवढ्या पाण्याचें वजनच ४०० किलो भरतें. तें कोणत्या मेजावर आणि कोणत्या भिंतीलगत ठेवावयाचें, याचा विचार पिलूं आणण्यापूर्वीं करावयाचा असतो. खोली इतकी हवी कीं कासव पोहूं शकेल, आणि उलटें पडलें तरी पाण्यांत फिरून सरळ होऊं शकेल; कवचाच्या लांबीच्या दीडपट दुप्पट खोल पाणी त्यास मानवतें. पाण्याची उष्णता २४ ते २७ अंश सेंटिग्रेड असावी. मुंबईंत ही अट बरेच महिने आपोआप पुरी होईल. पण पुण्याच्या वा नाशिकच्या हिंवाळ्यांत रात्रीं पाणी गार पडतें, आणि तेथें पाणी तापविण्याची कांडी व उष्णतामापक यांवांचून गत्यंतर नाहीं. ती कांडी कांचेची असल्यास तिला जाळीचें आवरण हवें, कारण कासवाचें कवच तिच्यावर आपटून ती फुटते. तळाशीं तोंडांत मावतील असे बारीक खडे मुळींच घालूं नयेत. कासव ते गिळतें व आंतडें तुंबून मरतें.

दुसरी गोष्ट कोरड्या जागेची. मराठी घरास जसा ओटा, तसा कासवाच्या घरासहि हवा. तें पाण्यांतून सहज चढून पूर्ण कोरडें होऊं शकेल असा आणि त्याचें वजन पेलेल असा. या ओट्यावर वरून दिव्याची ऊब पडून ३० ते ३५ अंश उष्णता राहिली पाहिजे. कासवाचें रक्त स्वतः तापत नाहीं. ऊब मिळाली नाहीं तर खाल्लेलें अन्नहि पचत नाहीं. वाढलेल्या मादीस याहून एक गोष्ट अधिक लागते, ती म्हणजे ओलसर वाळूची एक पेटी. कारण नर नसला तरी तिला अंडीं होतात, आणि घालावयास जागा न मिळाल्यास तीं पोटांतच अडकून तिचा जीव घेतात. ही गोष्ट विकणारा कधींच सांगत नाहीं.

तिसरें ऊन. येथें आपल्या सुशिक्षितांची मोठी फसगत होते. खिडकीच्या कांचेंतून ऊन आंत येतें, टाकी लख्ख दिसते, आणि आपण समाधान पावतों. परंतु ज्या अतिनील किरणांनीं कासवाच्या कातडींत 'ड-३' जीवनसत्त्व तयार होतें, ते किरण कांच बहुतेक अडविते. तें जीवनसत्त्व नसलें म्हणजे अन्नांतील कॅल्शियम अंगीं लागत नाहीं आणि कवच पिठासारखें मऊ होऊं लागतें. म्हणून ओट्यावर अतिनील किरण देणारा खास दिवा दिवसाचे दहाबारा तास हवा, आणि त्याच्या व कासवाच्या मध्यें कांच नको. हा दिवा डोळ्यांस प्रकाश देत राहिला तरी त्याचे उपयोगी किरण हळूहळू क्षीण होतात. म्हणून बनविणाऱ्यानें सांगितलेल्या मुदतीनंतर, बहुधा सहा महिन्यांनीं ते वर्षानें, तो बदलावा लागतो. लहानशी टाकी उघड्या गच्चींत भर उन्हांत ठेवणें हा यावरचा उपाय नव्हे. थोडें पाणी पाहतां पाहतां तापतें आणि कासव त्यांत भाजून निघतें.

चौथी गोष्ट स्वच्छता. कासव पाण्यांतच खातें आणि पाण्यांतच मलविसर्जन करतें. त्या मळापासून अमोनिया तयार होतो. तो विषारी आहे. पाणी गाळणाऱ्या यंत्राच्या स्पंजांत जे उपकारक जंतु वाढतात, ते या अमोनियाचें रूपांतर प्रथम नायट्राइटांत व मग त्याहून पुष्कळच निरुपद्रवी अशा नायट्रेटांत करतात. हे जंतु रुजण्यास कित्येक आठवडे लागतात. म्हणून टाकी आधीं तयार व्हावी आणि कासव मागून यावें, हा खरा क्रम. स्पंज नळाच्या पाण्याखालीं खसखसून धुणारा गृहस्थ नळांतील क्लोरिननें त्या जंतूंचाच संहार करतो. तो टाकींतून काढलेल्या पाण्यांतच पिळावा. यंत्र चांगलें असलें तरी पाण्याचा कांहीं भाग आठवड्यास बदलावाच लागतो. अन्नाविषयीं एवढेंच सांगतों कीं नुसती वाळलेली कोळंबी हें अन्न नव्हे. पिलूं अधिक मांसाहारी असतें, पण वाढलेल्या कासवास पालेभाज्या व पाणवनस्पति भरपूर लागतात, आणि 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावीं त्याचे डोळे सुजतात.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं भांडें लहान असलें म्हणजे कासवहि लहान राहतें, मग एवढा खटाटोप कशाला? मुलास पेटींत कोंडलें तर तेंहि लहानच राहील. त्यास कोणी सोय म्हणत नाहीं. दुसरा आक्षेप, कासवानें घरांत भाग्य येतें. ज्या भाग्यासाठीं एका जीवास वर्षभर कुजवावें लागतें तें भाग्य ज्यास हवें असेल त्यानें पितळेचें कासव घ्यावें. तें पुसलें कीं चकाकतें आणि त्यास वेदना होत नाहींत. तिसरा आक्षेप अधिक आदरणीय आहे: मुलांच्या मनांत प्राण्यांविषयीं प्रेम उत्पन्न व्हावें. हेतु उत्तम, पण भांड्यांतील मरणाऱ्या पिलापासून मूल प्रेम शिकत नाहीं, जीव बदलून मिळतो एवढेंच शिकतें. शिवाय अमेरिकेंत १९७५ सालीं चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्री बंद झाली ती मुलांच्याच हिताकरितां. लहान मुलें तीं पिलें तोंडांत घालीत, आणि कासवाच्या अंगावरील साल्मोनेला जंतूंनीं आजारी पडत. ज्या घरांत पांच वर्षांखालचें मूल आहे तेथें कासव नसावें, आणि कोठेंहि त्याची टाकी स्वयंपाकघरांतील मोरींत धुऊं नये.

चौथा आक्षेप खर्चाचा. एवढी टाकी, यंत्र, दिवे, विजेचें बिल, आणि दोन खोल्यांच्या घरांत जागा: हें मध्यम स्थितींतील कुटुंबास कसें परवडावें? आमचें उत्तर असें कीं पुष्कळांस परवडणार नाहीं, आणि त्यांत लाज वाटण्याजोगें कांहीं नाहीं. हत्ती परवडत नाहीं म्हणून कोणी खंत करीत नाहीं. लाज आहे ती, जें परवडत नाहीं तें अर्धवट करून त्याचा भार मुक्या जीवावर टाकण्यांत.

राहिली शेवटची पळवाट, आणि ती सर्वांत घातक. पिलूं मोठें झालें, वास येऊं लागला, कीं आपला दयाळू गृहस्थ तें एका रविवारीं जवळच्या तळ्यांत किंवा देवळाच्या कुंडांत सोडून येतो आणि पुण्य जोडल्याच्या आनंदांत घरीं परततो. हे परदेशी कासव आपल्या तळ्यांतील देशी कासवांच्या उन्हाच्या जागा व अन्न बळकावतें आणि रोगहि पसरवूं शकतें. जगांतील अत्यंत उपद्रवी अशा शंभर आगंतुक जातींच्या यादींत २००० सालीं त्याचें नांव आलें. युरोपीय संघानें १९९७ सालीं त्याची आयात बंद केली. जपाननें २०२३ सालीं त्याची विक्री व सोडून देणें या दोहोंवर बंदी घातली. आणि आपल्याकडे आसामांतील दीपोर बील या पाणथळींत २०१८ सालीं तें आढळलें. हें सोडून देणें म्हणजे एका कासवाच्या हालांतून सुटण्यासाठीं तळ्यांतील शंभर कासवांस हाल देणें होय.

ज्यांच्या घरीं असें कासव आजच आहे, त्यांच्यापुढें मात्र आणूं नये हा उपदेश निरुपयोगी आहे. त्यांनीं तें भांडें सोडून त्याच्या मापाची टाकी, ओटा व दिवा याच महिन्यांत करावा. तें शक्य नसेल तर जो करूं शकेल अशा माणसाच्या, किंवा अशा प्राण्यांची सोय पाहणाऱ्या संस्थेच्या, हवालीं तें करावें. आणि कवच मऊ पडलें वा डोळे मिटले तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे विलंब न लावतां न्यावें. नव्यानें घेऊं पाहणाऱ्यांस आमची एकच विनंति आहे. आधीं टाकी बांधा, पाणी भरा, दिवे लावा, आणि दोन महिने ती रिकामी टाकी नीट चालवून पाहा. तेवढ्यानेंच ज्याचा उत्साह मावळेल, त्यानें एका जीवावर मोठाच उपकार केला असें होईल.