फलाटापलीकडचा इतिहास

वाचकहो, गेल्या महिन्यात एका व्याख्यानास जाण्याचा योग आला. इंग्रजी अमदानीचा इतिहास आणि त्या काळातील माणसांची प्रवासवृत्ते हा विषय होता. वक्ते व्यासंगी होते. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'पासून त्यांनी आरंभ केला, पंडिता रमाबाईंचे अमेरिकेचे प्रवासवृत्त घेतले आणि गांधीजींच्या आत्मकथेतील पीटरमॅरिट्झबर्गच्या रात्रीपाशी समारोप केला. पारतंत्र्यात आपण कोण आहोत ह्याचा शोध हिंदी माणसाला प्रवासात लागला आणि तो लावून देणारा गोरा माणूस होता, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रश्नोत्तरांच्या वेळी मी उठून विचारले, 'ह्या यादीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे "वेटिंग फॉर अ व्हिसा" का नाही?' वक्ते सौजन्याने हसले आणि म्हणाले, 'ते सामाजिक अन्यायाचे निवेदन आहे. आजचा विषय परकीय सत्ता आणि अस्मिता हा आहे.'

हे उत्तर अज्ञानातून आले असते तर मी लेखणी उचलली नसती. ते अज्ञानातून आले नाही, एका रूढ समजुतीतून आले. ती समजूत अशी, की परकीय सत्तेचा इतिहास म्हणजे गोरा आणि काळा ह्यांच्यामधील इतिहास. काळ्याने काळ्यावर जे केले ते 'सामाजिक', म्हणजे घरातले. घरातल्या गोष्टी इतिहासात येत नाहीत. ही समजूत तपासून पाहावी अशी माझी वाचकांना विनंती आहे.

दोन प्रवास शेजारी शेजारी ठेवा. १८९३ च्या जून महिन्यात बॅरिस्टर गांधी पहिल्या वर्गाचे तिकीट घेऊन नाताळमध्ये आगगाडीने प्रवास करीत होते. रंगाच्या कारणावरून त्यांना पीटरमॅरिट्झबर्ग स्थानकावर डब्यातून उतरवून देण्यात आले. ही हकीकत आपल्या देशात शाळकरी मुलासही ठाऊक आहे, आणि ती ठाऊक असावी ह्याबद्दल माझी तक्रार नाही. आता दुसरा प्रवास पाहा. १९०१ च्या सुमारास सातारा जिल्ह्यात नऊ-दहा वर्षांचा भीमराव आणि त्याच्या घरची मुले सुट्टीत वडिलांकडे निघाली. वडील गोरेगाव येथे खजिनदाराच्या कामावर होते. मुलांनी नवे कपडे घातले होते, तिकिटे काढली होती. ती मसूर स्थानकावर उतरली. न्यावयास कोणी आले नव्हते. पोशाखावरून ही मुले ब्राह्मणाची असावीत असे समजून स्टेशनमास्तराने आपुलकीने चौकशी केली. मुलांनी जात सांगताच त्याचा चेहरा पालटला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. बाहेर बैलगाड्या होत्या, परंतु विटाळ होईल म्हणून कोणी गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे ठरले, आणि तेही अशा अटीवर की गाडी मुलांनीच हाकावी. गाडीवान बाजूने पायी चालेल. बरोबर शिदोरी होती, पण पिण्याजोगे पाणी मिळाले नाही, म्हणून ती खाता आली नाही. रात्री टोलनाक्यावर पाणी मागितले तेव्हा तुमच्यासाठी येथे पाणी कोणी ठेवले आहे, अशा अर्थाचे उत्तर मिळाले.

ह्या दोन घटनांतील फरक वकिलाच्या नजरेने पाहिला पाहिजे. नाताळमध्ये तिकीट खरे ठरले नाही. रेल्वेचा नोकर आणि पोलीस शिपाई ह्यांनीच ते खोटे ठरविले. मसूरला तिकीट पूर्णपणे खरे ठरले. रेल्वेने पैसे घेतले, मुलांना डब्यात बसविले आणि ठरलेल्या जागी उतरविले. कराराची पूर्ती झाली. मुलांवरचा अन्याय सुरू झाला तो डब्यातून उतरल्यावर, आणि फलाटापलीकडे तर दाद मागावयास जागाच उरली नाही. गाडीवानावर कोणता दावा लावावा? टोलनाक्यावरील माणसाने कोणते कलम मोडले होते? पारतंत्र्याच्या इतिहासाचे साहित्य जर फलाटावरच संपणार असेल, तर ज्यांची खरी वाट फलाटाच्या पलीकडे सुरू होत होती त्या कोट्यवधी माणसांना त्या साहित्यात जागा मिळणार कशी?

येथे एक जुना आक्षेप ठरल्याप्रमाणे पुढे येतो. तुम्ही इंग्रजाला दोषमुक्त करीत आहात, तुमची स्मृती राजनिष्ठेची आहे, असे सांगण्यात येते. हा आरोप कागदपत्रांपुढे टिकत नाही. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलातर्फे अर्ज करण्यात आला. एकदोन व्यक्तींसाठी युगानुयुगांच्या समजुतींत हात घातल्यास शिक्षणकार्याचेच नुकसान होईल, अशा आशयाचा निर्णय मुंबई सरकारने दिला. हा निर्णय देणारे सरकार गोरे होते. त्याच्या आदल्याच वर्षी, १८५५ साली, जोतीराव फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे ह्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयीचा आपला निबंध 'ज्ञानोदया'त छापविला होता. म्हणजे साक्ष उपलब्ध होती, अर्जही समोर होता. तरी सरकारने बहुजनसमाजाचा नव्हे, वरिष्ठ जातींचा रोष टाळणे पसंत केले. पुढे १८९० नंतरच्या दशकात महारांची लष्करभरतीही ह्याच सरकारने बंद केली. तेव्हा इंग्रज आमचा तारणहार होता असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे, की परकीय सत्ता आणि स्वकीय जातिव्यवस्था ह्या दोघींचा एकमेकींशी मूक करार होता, आणि तो करार कसा अमलात येत होता हे पाहावयाचे असेल तर अस्पृश्याचा प्रवास वाचला पाहिजे. असे साहित्य पारतंत्र्याच्या इतिहासाबाहेर ठेवणे म्हणजे करारातील अर्धी कलमे फाडून टाकून उरलेला कागद न्यायालयापुढे ठेवणे होय.

बाबासाहेबांचे हे छोटेसे लेखन १९३५ च्या सुमाराचे मानले जाते. परदेशीय वाचकाला अस्पृश्यता समजावून सांगताना सर्वसामान्य वर्णन करावे की प्रत्यक्ष प्रकरणे मांडावीत, असे दोन मार्ग त्यांच्यापुढे होते. त्यांनी प्रकरणांचा मार्ग पत्करला. तो बॅरिस्टराचा मार्ग आहे. प्रकरणांची निवडही पाहा. मसूर ब्रिटिश मुलखात. बडोदे गायकवाडांच्या संस्थानात. दौलताबाद निजामाच्या राज्यात. बडोद्यास १९१७ साली पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव आला. त्यानंतर एका हिंदू स्नेह्याने आणि एका ख्रिस्ती स्नेह्यानेही आसरा देण्यास असमर्थता दाखविली. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्याबाहेरील हौदाच्या पाण्याने ह्या मंडळींनी हातपाय धुतले म्हणून मुसलमानांचा जमाव खवळला. १९२९ साली चाळीसगावास बाबासाहेब आले ते मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून. तरी टांगेवाल्यांनी टांगा हाकण्यास नकार दिला, महारवाड्यातील अननुभवी माणसाने तो हाकला आणि अपघातात बाबासाहेबांचे हाड मोडले. राज्य बदलले, जमावाचा धर्म बदलला, प्रवाशाची पदवी आणि अधिकार वाढत गेले; निकाल मात्र सगळीकडे एकच लागला. ज्यास केवळ 'सामाजिक अन्यायाचे निवेदन' म्हणून बाजूस सारले जाते, ते वस्तुतः तीन सत्तांखालील कारभाराचा तपासलेला पुरावा आहे.

आता अस्मितेची गोष्ट. गोडसे भटजी १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेस निघाले, बंडात सापडले, लुटले गेले. त्यांचे हाल खरे होते आणि त्यांचे पुस्तक मोलाचे आहे. परंतु आपण कोण आहोत हे सांगताना त्यांना कोठेही संकोच करावा लागला नाही. त्यांची जात हीच त्यांची शिफारस होती. परतताना ते गंगेच्या पाण्याची कावड घेऊन शेकडो कोस चालत आले. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी मसूरच्या वाटेवर एका मुलास घोटभर पाणी मिळाले नाही. ही दोन्ही पाणी एकाच इतिहासातील आहेत. त्यांना एकत्र वाचल्याशिवाय कोणत्याही प्राध्यापकाने अस्मितेवर व्याख्यान देऊ नये.

प्रवासात माणसाला स्वतःचा शोध लागतो, असे साहित्याचे पंडित सांगतात. बाबासाहेबांच्या बाबतीत ह्याच्या उलट घडले. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये काढलेल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव त्यांच्या मनातून पुसली गेली होती. बडोद्याच्या स्थानकावर ती त्यांची वाट पाहत उभी होती. ओळख शोधावयाची नव्हती, लपवावयाची होती; आणि लपविली तरी अकरा दिवसांत ती उघडी पडली. परदेशात जावयास परवाना लागतो, हे आपण जाणतो. स्वदेशात फिरावयास परवाना हवा आणि तो देणारे कार्यालय मात्र कोठेच नाही, हा त्या शीर्षकाचा अर्थ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी ती वाट पाहणे संपविले. दुसऱ्याने लादलेली ओळख टाकून स्वतः निवडलेली ओळख घेतली. त्या निर्णयाची कारणे शोधणाऱ्याने मसूरच्या बैलगाडीपासून आरंभ करावा.

वाचकहो, दोष केवळ वक्त्यांच्या माथी मारून मी मोकळा होणार नाही. हे लेखन बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौतीस वर्षांनी, १९९० साली, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने छापले. आज कोलंबिया विद्यापीठातील विद्यार्थी ते अभ्यासतात. आपल्या घरात तसबीर आहे. हे पुस्तक आहे काय? आणि आपल्या आजोबांनी कोणत्या स्थानकावर उतरून किती कोस पायपीट केली, कोणत्या विहिरीवर त्यांना अडविले, हे कोणी लिहून ठेवले आहे काय?

१८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात तोंडी साक्षीविषयी एक तत्त्व होते: ज्याने पाहिले त्यानेच सांगावे. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी हे तत्त्व कायम आहे. ऐकीव गोष्टीवर निकाल लागत नाही. ज्यांनी पाहिले ती माणसे आता थकली आहेत, पुष्कळशी गेली आहेत. संविधानाच्या १५ व्या आणि १७ व्या अनुच्छेदांनी फलाटापलीकडच्या वाटेवर कायदा नेला हे खरे. परंतु तो का न्यावा लागला हे सांगणारा साक्षीदारच उरला नाही, तर उद्या त्या अनुच्छेदांची गरज काय, असे विचारणारे पुढे येतील.

म्हणून ह्या पंधरवड्यात प्रत्येकाने एक काम करावे. घरातील सर्वांत वृद्ध माणसापाशी बसावे, त्याच्या प्रवासाची हकीकत विचारावी आणि गावाचे नाव, साल, वाहन, पाणी ह्या तपशिलांसह त्याच्याच शब्दांत लिहून काढावी. पुढच्या व्याख्यानास जाईन तेव्हा मी केवळ प्रश्न घेऊन जाणार नाही. आपण लिहिलेली पाने बरोबर नेईन.