सायकलवाला गेला, आणि आपण त्याचं वय विचारलं

मंडळी, कुणाला राग आला तर येऊ दे, पण आज लिहितोच.

गेल्या वर्षी माझा जुना मित्र गेला. सकाळी सायकलवरून दूध आणायला निघाला होता. मागून गाडीनं उडवलं आणि गाडी पळाली. सांत्वनाला आलेल्या निम्म्या लोकांनी, सगळे आपलेच, एकच वाक्य ऐकवलं : "या वयात सायकल कशाला चालवायची म्हणतो मी!" गाडी कोण चालवत होता, किती वेगात होता, हे एकानंही विचारलं नाही.

याच मित्राबरोबर 1974 साली बी.कॉम.ची परीक्षा झाल्यावर मी बेळगावहून मंगेशीला सायकलनं गेलो होतो. दांडीच्या काळ्या सायकली, कॅरियरला वळकटी. खानापूर, लोंढा, अनमोड घाट, मोले, फोंडा. रात्र लोंढ्याच्या स्टेशनात काढली. अनमोडच्या अलीकडे माझी ट्यूब फाटली, तर एका ट्रकवाल्यानं आम्हाला सायकलींसकट घाट उतरवून दिला, वर चहाचे पैसेही त्यानंच दिले. मोल्यात एका बाईंनी, ओळख ना पाळख, बसवून पेज वाढली.

2018 साली लेकीकडे नेदरलँड्समध्ये उट्रेक्टला गेलो, तेव्हा वय 66. जावयांबरोबर दोन दिवसांत गौडा, डेल्फ्ट करत हेगच्या समुद्रापर्यंत सायकलनं गेलो. तिथं सायकलवाटांच्या प्रत्येक फाट्याला नंबर आहे. निघताना चिठ्ठीवर ओळीनं नंबर लिहून घ्यायचे आणि पाट्या बघत जायचं. बहुतेक ठिकाणी गाड्यांचा रस्ता वेगळा, आपली वाट वेगळी. पण दोन दिवसांत "कुठून आलात?" असं कुणी विचारलं नाही. पंक्चर झालं तर दुकानदार म्हणाला, उद्या या.

परत आल्यावर मी सगळ्यांना सांगायचो, "त्यांच्याकडे रस्ते आहेत, आपल्याकडे माणसं आहेत." लोक माना डोलवायचे. ते वाक्य मी आज परत घेतोय. 1974 ला माणसांचा चांगुलपणा पुरला, कारण रस्त्यावर गाड्याच मोजक्या होत्या. मित्र पडला तेव्हाही चांगली माणसं धावली की. त्यांनीच त्याला रिक्षात घातलं. पण मागून येणारी गाडी चांगुलपणानं थांबत नाही.

यावर आपलं उत्तर ठरलेलं : "त्यांचा देश सपाट, हवा थंड, त्यांच्या रक्तातच सायकल आहे." सपाट आहे खरा, पण समुद्राकडून समोरचा वारा आला की घाट बरा वाटतो. आणि हवेचं म्हणाल तर बेळगावच्या हवेला नावं ठेवणारा अजून मला भेटायचाय. रक्ताची गोष्ट तर साफ खोटी. 1971 साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यावर तीन हजारांवर माणसं मेली, त्यात चारशेवर मुलं होती. शहरं गाड्यांच्या ताब्यात गेली होती. विक लांगेनहोफ नावाच्या पत्रकाराची मुलगी अशीच गेली. 1972 मध्ये त्यानं वर्तमानपत्रात लेख लिहिला, मथळा होता 'मुलांची हत्या थांबवा'. त्यातून चळवळ उभी राहिली, आईबाप रस्त्यावर उतरले. 1973 च्या तेलटंचाईत सरकारनं गाड्या बंद ठेवलेले रविवार लोकांना दाखवले. मग वर्षानुवर्षं भांडून त्यांनी रस्ता मिळवला. त्या बापाला कुणी विचारलं असतं का, की मुलीला सायकल कशाला दिली?

कायदाही तसाच. तिथं गाडीची सायकलला धडक बसली, तर भरपाईची जबाबदारी आधी गाडीवाल्यावर. आपला इलाज नव्हता, हे त्यानं सिद्ध करायचं. आम्ही बँकवाले पुराव्याचा बोजा कुणावर, हे आधी बघतो. आपल्याकडे लोकांनी तो बोजा मेलेल्या माणसावर टाकलाय. पळालेली गाडी सापडली नाही, तर 1 एप्रिल 2022 पासून केंद्राच्या योजनेत वारसांना 2 लाख मिळतात. मित्राच्या घरी हे कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं. शेवटी फॉर्म मीच भरून दिला.

आता जरा टोचेल असं. दर 1 नोव्हेंबरला काळ्या दिनाची सायकल फेरी आपण काढतो. मीही कितीतरी वर्षं त्यात होतो, त्याचा अभिमान आहे. पाटीवरच्या अक्षरांसाठी आपण रस्त्यावर आलो, लाठ्या खाल्ल्या. पण 2 नोव्हेंबरला सायकल परत माळ्यावर जाते, आणि नातवाला पाचशे मीटरवरच्या क्लासला सोडायला आजोबा कार काढतात. रस्ता धोक्याचा म्हणून कार, आणि कार वाढल्या म्हणून रस्ता धोक्याचा. आपणच ते चक्र फिरवतोय.

मी घाटात सायकलवाट मागत नाही. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटपासून शाळांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर वेग कमी करा, कडेचं पार्किंग हटवा, मुलांना एक पट्टा मोकळा द्या. एवढंच. माझ्या वॉर्डाच्या नगरसेवकाला अर्ज लिहिलाय. या आठवड्यात देतोय. सही करायला घरी या, चहा मिळेल. येताना सायकलवरून आलात तर बरं. नाही आलात तरी चालेल, पण मित्राच्या घरी गेलात तर त्याचं वय काढू नका.