गोळी कोणाच्या कारखान्यातली?

सिमो हायहा या फिनिश निशाणेबाजाची शौर्यकथा आज जगभर सांगितली जाते. ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा फिनलंडमध्ये घुसल्या. १०५ दिवस चाललेल्या त्या हिवाळी युद्धात या ठेंगण्या शेतकऱ्याने कोल्ला आघाडीवर पाचशेहून अधिक शत्रुसैनिक टिपले, असे श्रेय त्याला दिले जाते. पांढरा अंगरखा, हाडे गोठवणारी थंडी, दुर्बिणीविना रोखलेली रायफल. सारेच चित्रपटाला शोभणारे! मात्र त्या रायफलीतून सुटणाऱ्या काडतुसाला या कथेत एका वाक्याचीही जागा मिळत नाही. पराक्रमाचे पोवाडे गाणारे लोक कारखान्याकडे पाठ फिरवतात, ही उणीव काही एकट्या फिनलंडची नव्हे.

१९१७ साली स्वतंत्र झालेल्या या चिमुकल्या देशाच्या वाट्याला झारची मोसिन रायफल आणि तिचे ७.६२ मि.मी.चे काडतूस आले. फिनलंडने त्या वारशाचे काय केले? स्वयंसेवी नागरी रक्षक दलाने १९२१ साली 'साको' ही स्वतःची शस्त्रशाळा उभी केली. १९२३ साली लापुआ येथे सरकारी काडतूस कारखाना निघाला. साकोने जुन्या रशियन यंत्रणेवर नव्या, अचूक नळ्या चढवून एम/२८-३० ही रायफल घडवली. हायहाच्या हाती होती ती हीच. लापुआने १९३०च्या दशकात 'डी-१६६' ही १३ ग्रॅम वजनाची, शेपटीकडे निमुळती गोळी तयार केली. रशियाची नेहमीची हलकी गोळी ९.६ ग्रॅमची होती. हलकी गोळी नळीतून वेगाने सुटते, पण लवकर दमते आणि वाऱ्याने भरकटते. निमुळत्या शेपटीची जड गोळी दूरवर वेग टिकवते. कडाक्याच्या थंडीत दारू मंद जळते व गोळी खाली पडते. अशा वेळी प्रत्येक काडतुसातील दारूचे माप तंतोतंत सारखे असेल, तरच नेमबाजाचा अंदाज खरा ठरतो. डोळा कितीही तीक्ष्ण असो, बेभरवशाचे काडतूस त्याची सारी साधना मातीमोल करते. काडतुसाचा मूळ आकार मात्र फिनलंडने शहाणपणाने बदलला नाही. त्यामुळे शत्रूकडून हिसकावलेली काडतुसेही वेळेला कामी आली.

६ मार्च १९४० रोजी हायहाचा जबडा एका गोळीने उडवला. ती स्फोटक गोळी होती, असे मानले जाते. चारशे ग्रॅमहून हलकी स्फोटक अस्त्रे युद्धात वापरू नयेत, असा जाहीरनामा १८६८ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निघाला होता, आणि तोही रशियाच्याच पुढाकाराने! त्याच शहराच्या, म्हणजे लेनिनग्राडच्या, सुरक्षिततेचे निमित्त करून हे आक्रमण झाले. अर्थात यात ब्रिटिशांनीही सोवळेपणाचा आव आणू नये. कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्यात त्यांनी बनवलेली, शरीरात फुलणारी गोळी १८९९च्या हेग परिषदेने निषिद्ध ठरवली, तेव्हा 'रानटी' लोकांविरुद्ध ती आवश्यकच आहे, असा युक्तिवाद त्यांच्याच प्रतिनिधींनी केला होता. ते 'रानटी' म्हणजे वायव्य सरहद्दीवरचे लोक, हे सांगायला नकोच.

अखेर फिनलंडला सुमारे दहावा हिस्सा भूमी गमवावी लागली. स्वातंत्र्य मात्र टिकले. ते केवळ काडतुसांनी टिकले असे कोणी म्हणणार नाही. पण शत्रू दाराशी आल्यावर काडतुसांसाठी परदेशांकडे याचना करणाऱ्या राष्ट्राला १०५ दिवस तग धरता आला असता का?

२०२२च्या प्रारंभी नियंत्रण रेषेवरील भारतीय निशाणेबाजांच्या हाती 'टीआरजी-४२' ही नवी रायफल आल्याच्या बातम्या झळकल्या. ती साकोची. तिच्या काडतुसाचे नाव लापुआ मॅग्नम. आणि आपल्या पुण्यातील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. म्हणजे लापुआच्या कारखान्यापेक्षा ५४ वर्षांनी जुना.