भाषणं पुष्कळ झाली, आता तास हवेत

मराठी माणसाला ऐकायची हौस दांडगी. पुण्याची वसंत व्याख्यानमाला 1875 पासूनची. प्राचार्य शिवाजीराव भोसले, नरहर कुरुंदकर, निनाद बेडेकर यांची भाषणं आज मोबाइलवर लावून लोक ऐकतात. मीही ऐकते. पण भाषण दीड तासात संपतं, टाळ्या पडतात आणि पुढच्या वेळी वक्ताही वेगळा, विषयही वेगळा. मला हवाय तो कॉलेजचा तास. ‘मागच्या वेळी आपण इथवर आलो होतो’ म्हणून सुरू होणारा आणि पुढच्या तासाला काय वाचून यायचं ते सांगून संपणारा.

मी कॉमर्सवाली. इतिहास दहावीला सुटला, मग बँकेतली नोकरी आणि वसई रोड ते चर्चगेट लोकल. मला हवा तसा तास मिळाला तो तिथेच, कानात. येल विद्यापीठात डोनाल्ड केगन प्राचीन ग्रीसचा इतिहास शिकवायचे. 2007 साली त्यांची 24 व्याख्यानं वर्गातच चित्रित झाली. ती कुणालाही फुकट ऐकता येतात, वर शब्दन् शब्द छापील रूपात मिळतो, त्यामुळे माझ्यासारख्या बेताच्या इंग्रजीवालीचंही निभतं. आदल्या रात्री डाउनलोड करायचं, कारण नायगाव सुटलं की खाडीपुलावर नेटचा भरवसा नाही. फोर्थ सीटवर अर्धी टेकून मी ऐकते. कानात अथेन्स आणि स्पार्टा भांडत असतात, दारात विरारच्या आणि बोरिवलीच्या बायका.

मात्र अथेन्सबद्दल मला जेवढं नीट सांगितलं गेलं, तेवढं वसईबद्दल कुणी सांगितलेलं नाही, हे टोचतं. चिमाजी आप्पांनी 1739 साली पोर्तुगीजांकडून किल्ला घेतला, हे इथल्या पोरासोरांना पाठ. त्यावरचं भाषण ऐकून अंगावर काटा येतो, नाही कशाला म्हणू? पण त्या विजयानंतर चर्चच्या घंटा निघाल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. मेणवलीला, भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकरात. त्या कुठे ओतल्या होत्या, त्यांच्यावर काय कोरलंय, 1534 पासूनच्या दोनशे वर्षांत किल्ल्यात कोण राहत होतं, पोर्तुगीज गेल्यावर इथल्या कुपारी, वाडवळ, कोळी घरांचं काय झालं, हे टाळ्यांच्या भाषणात मावत नाही. त्याला चार-सहा तास लागतात, नकाशा लागतो आणि ‘इथे कागदपत्रं दोन वेगळ्या गोष्टी सांगतात’ असं आवाज न चढवता म्हणणारे सर किंवा मॅडम लागतात.

नालासोपाऱ्याचंही तेच. पंडित भगवानलाल इंद्रजींनी 1882 साली तिथला स्तूप खणला. आत दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, त्यातला एक सोन्याचा. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत गेला. अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा 1956 साली भुईगावला सापडला. भुईगाव म्हणजे रविवारी आपण समुद्रावर जातो तेच!

हे शिकवणारी माणसं इथे नाहीत असं नाही. वर्तक कॉलेज आहे, गोन्सालो गार्सिया आहे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये प्राध्यापकांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर मोबाइल टेकवून तास घेतले. त्यातले कितीतरी कुणाच्या तरी ड्राइव्हवर पडून असतील, नाहीतर जागा भरली म्हणून पुसले गेले असतील. केंद्र सरकारचं ऑनलाइन तासांचं ‘स्वयम्’ 2017 पासून आहे, पण तिथे इंग्रजीचाच वरचष्मा.

रेकॉर्ड केलेल्या तासाला प्रश्न विचारता येत नाही, असं म्हणतात. खरंय. पण शंभर जणांच्या वर्गात तरी आपण कुठे हात वर करत होतो? इथे निदान न कळलेलं वाक्य चारदा मागे घेऊन ऐकता येतं आणि कुणी ‘लक्ष कुठंय?’ म्हणून खडू मारत नाही.

दरवर्षी मॅरेथॉन भरवणाऱ्या आपल्या महानगरपालिकेला एखाद्या कॉलेजातला एक वर्ग आणि एक सत्र रेकॉर्ड करून घेणं जड नाही. वसई-सोपाऱ्याचा इतिहास, वीसेक तास, मराठीत, सोबत वाचायच्या पुस्तकांची यादी. पाहुणे नकोत, दीपप्रज्वलन नको, मागे संगीत तर अजिबात नको. कॅमेरा साधा चालेल, पण माईक शिकवणाऱ्याच्या कॉलरला लावा. वर्गातल्या पंख्याची घरघर आम्हाला नको, लोकलची पुरेशी आहे.