साप चावला तर पहिल्या तासात काय करायचं? वारंगा फाट्यावरून समजून घ्या आरोग्य साक्षरता

नांदेड-हिंगोली रस्त्यावरचा वारंगा फाटा अनेकांना माहीत आहे तो खिचडीमुळे. पण मुख्य रस्ता सोडून आत शिरलं की हळद, सोयाबीन आणि उसाची शेतं लागतात. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की शेतकऱ्याला अंधारातच पाणी द्यायला जावं लागतं. पायाखाली साप आला तर पुढच्या तासाभरात काय करायचं, हे त्याला आणि घरच्यांना आधीच माहीत असणं म्हणजे आरोग्य साक्षरता. ती म्हणजे केवळ शाळेतलं शिक्षण नव्हे.

प्रश्न किती मोठा आहे?

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख लोक दगावले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला.

औषध आहे, मग जीव का जातो?

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर चालणारं प्रतिविष, म्हणजे लोकांच्या भाषेत सापाचं इंजेक्शन, भारतातच तयार होतं. सरकारी रुग्णालयात ते मोफत मिळतं. अनेकदा जीव जातो तो उशिरामुळे.

आधी मांत्रिकाकडे जाणारे अडाणी असतात, असं म्हणणं सोपं आहे. पण बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. त्यामुळे मांत्रिकाकडे गेलेले बरेच जण तसेही वाचणारच असतात, पण श्रेय मंत्राला मिळतं. पुढच्या वेळी चावा मण्यारचा निघाला की हाच विश्वास महागात पडतो. मण्यार बहुधा रात्री चावते. दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात आणि मग श्वास अडकतो.

काय करायचं, काय टाळायचं?

- रुग्णाला धीर द्या, चालायला लावू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका.
- अंगठी, जोडवी, पैंजण, घड्याळ काढा.
- दोरी घट्ट बांधू नका, जखम कापू नका, रक्त चोखू नका.
- साप मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नका.
- १०८ ला फोन करा. रुग्णवाहिकेला उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा.
- चावल्याची वेळ डॉक्टरांना सांगा. त्रास नसला तरी २४ तास देखरेखीखाली राहा.

जबाबदारी फक्त रुग्णाची?

नाही. प्रतिविष जवळच्या आरोग्य केंद्रात आहे, की कळमनुरी, हिंगोली किंवा नांदेड गाठावं लागेल, हे गावाला रात्री दोन वाजता शोधावं लागू नये. पावसाळ्याआधी आरोग्य केंद्राने ही माहिती ग्रामपंचायतीला द्यावी, आशाताईंनी ती घरोघरी सांगावी आणि ग्रामसभेने गाडीवाल्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवावा. गावाने विचारायचं आणि यंत्रणेने समजेल अशा भाषेत सांगायचं, या दोन्ही गोष्टी झाल्या तरच तो पहिला तास वाया जाणार नाही.